राऊटर टेबलवर खोबणीची खोली मध्येच बदलते: दोष कुठे शोधायचा आणि टेबलखाली कुठला राऊटर लावायचा

देव्हाऱ्याच्या दोन दारांसाठी सागवानाच्या आठ पट्ट्या काढल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीला आतल्या बाजूने राऊटरने (म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटाने, कापणाऱ्या पात्याने, लाकूड कोरणाऱ्या मशीनने) खोबण पाडायची होती, रुंदी ६ एमएम आणि खोली ८ एमएम, त्यात मधला पॅनल बसणार. पहिल्या तीन पट्ट्या झकास निघाल्या. चौथीला मशीनचा आवाज जरा जड वाटला पण हात थांबवला नाही, आणि पाचवी झाल्यावर व्हर्नियर लावला तर एका टोकाला ८ आणि दुसऱ्या टोकाला साडेनऊ. चौकट जुळवताना कूस, म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाची जीभ, पण त्याच खोबणीत बसणार होती, म्हणजे दीड एमएमची फट सरळ सांध्यात दिसणार. दोन पट्ट्या बाद झाल्या, आणि सागवानाचा भाव ज्याला माहितीये त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

नट अजून जोरात आवळला. दोन पट्ट्या नीट, परत तेच. नंतर कधीतरी दुसरं बिट लावून प्लायच्या ड्रॉवरला खाच पाडत होतो तर तिथे उलटंच झालं, खाच हळूहळू उथळ होत गेली. एकदा खोल, एकदा उथळ. जवळजवळ तीन महिने मी हा एकच दोष समजून त्याच्यामागे लागलो होतो आणि म्हणूनच तो सापडत नव्हता, कारण ते दोन वेगळे दोष होते आणि दोघांची कारणं वेगळी होती. घरी बनवलेल्या टेबलवर हा प्रॉब्लेम खूप जणांना येतो आणि बहुतेक जण लगेच मोठा राऊटर बघायला लागतात. मोठा राऊटर लागेलही, पण आधी नेमकं काय सरकतंय ते बघा, नाहीतर नव्या मशीनवर पण हेच होणार.

सगळ्यात आधी ही गोष्ट डोक्यात पक्की करा. टेबलखाली राऊटर उलटा लटकलेला असतो. हातात धरून चालवताना मशीनचं वजन लाकडावर पडतं, म्हणजे वजन आपल्या बाजूने काम करतं. टेबलखाली तेच वजन दिवसभर मोटरला खाली ओढत असतं, वरून थरथर चालू. त्यामुळे सरकण्याच्या जागा तीनच: बिट कॉलेटमध्ये, म्हणजे बिटाची दांडी पकडणाऱ्या नळीत, सरकेल, मोटर बेसमध्ये सरकेल, नाहीतर बेस ज्या प्लेटला लावलाय ती प्लेटच मध्ये खाली बसेल.

आता खूण कशी ओळखायची. खोबण जर खोल खोल होत जात असेल तर संशय कॉलेटवर घ्या, कारण कॉलेटची पकड कमी असली की बिट थरथरत थरथरत बाहेर, म्हणजे वर सरकतं. पिळाची बिटं तर स्वतःच स्वतःला बाहेर खेचतात, जी भुसा दांडीच्या दिशेने ओढतात ती, म्हणजे अपकट स्पायरल. उलट खोबण उथळ होत जात असेल तर मोटर खाली उतरतेय किंवा प्लेट बसलीये. अगदी शंभर टक्के असंच होईल असं नाही पण सुरुवात कुठून करायची ते यावरून कळतं.

मग खात्री करून घ्या, त्याला लागतो एक मार्कर आणि एक पेन्सिल. मशीनचा प्लग काढा, स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. बिट लावून नट आवळल्यावर दांडी जिथे कॉलेटमध्ये शिरते तिथे मार्करने गोल रेघ मारा. मोटर आणि बेसच्या सांध्यावर पेन्सिलने एक आडवी रेघ मारा, अर्धी मोटरवर अर्धी बेसवर. प्लंज राऊटर, म्हणजे मोटर दाबून खाली नेता येणारा, असेल तर बेसपासून मोटरच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. आणि प्लेटवर स्टीलची फूटपट्टी उभी धरून समोरून मोबाईलचा टॉर्च मारा, खालून उजेड दिसतो का बघा. त्यानंतर टाकाऊ लाकडाचे दोन दोन फुटांचे चार तुकडे चालवा, नेहमीच्या वेगाने, आणि परत सगळं तपासा. जी रेघ हलली तिथे दोष. माझ्याकडे पहिल्यांदा मार्करची रेघ कॉलेटपासून एक एमएमपेक्षा जास्त वर आली होती, पेन्सिलची रेघ जागेवर. प्लायच्या खाचेच्या वेळचं बिट लावून परत केलं तेव्हा मार्कर जागेवर आणि पेन्सिलची रेघ तुटलेली. मग लक्षात आलं की इथे दोन चोर आहेत.

पहिला चोर म्हणजे आपली भाषा. आपल्याकडे इंचाचे आठ सूत, त्यामुळे पाव इंच म्हणजे दोन सूत. दुकानात जाऊन दोन सुती दांडीचं बिट मागितलं की पुढे येणारं बिट पाव इंची म्हणजे ६.३५ एमएमचं असू शकतं किंवा ६ एमएमचं असू शकतं. ६ एमएमच्या प्लायला पण आपण पाव इंची प्लायच म्हणतो ना, तसंच हे. माझ्या ट्रिमरचं, म्हणजे एका हाताने धरायच्या छोट्या राऊटरचं, कॉलेट पाव इंची होतं आणि ते ६ एमएम रुंदीचं सरळ बिट ६ एमएमच्या दांडीचं होतं. मी ते दुकानात परत घेऊन गेलो तर दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन सूत मागितलंत, दोन सूतच दिलंय." आणि सुतारकामाच्या बोलीत तो चुकीचं बोलत नव्हताच. पण कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली बारीक नळी, बाहेरून निमुळती, नट आवळला की ती कोनात दाबली जाते आणि दांडीला चारी बाजूंनी मिठी मारते. तिची दाबली जाण्याची हद्द फार थोडी असते. ०.३५ एमएमचा फरक म्हणजे तिला वाकडं होऊन पकडावं लागतं, मग पूर्ण लांबीने पकड बसतच नाही, फक्त तोंडाशी बसते. नट कितीही आवळा, दोन पट्ट्या टिकेल आणि परत सुटेल, वर कॉलेट कायमचं बिघडेल ते वेगळं. अर्ध्या इंचीला पण हाच घोळ आहे, १२ एमएम आणि १२.७ एमएम, आणि तिथे तर फरक ०.७ चा आहे.

त्यामुळे व्हर्नियर खिशात ठेवूनच दुकानात जायचं, आणि दांडी मोजूनच बिट घ्यायचं. सेटमध्ये घेत असाल तर त्यातली दोन-तीन मोजा. ६ एमएम हवं असेल तर तोंडाने "सहा एमएम" म्हणा, पाव इंची हवं असेल तर "सहा पॉईंट पस्तीस" म्हणा. सूत हा शब्द या एका खरेदीपुरता घरी ठेवा.

माप बरोबर असूनही बिट सरकत असेल तर तीन गोष्टी बघा. कॉलेट नटासकट बाहेर काढून आतून साफ करा, सागवानाचं तेल आणि एमडीएफची पावडर मिळून आत चिकट थर बसतो, जुना टूथब्रश आणि थोडं थिनर पुरे, पण नंतर तेल अजिबात लावू नका. दुसरं, बिट तळापर्यंत ढकलून मग दोन-तीन एमएम वर उचलून आवळा. तळाला टेकलेलं बिट नट आवळताना खाली जाऊ शकत नाही आणि कॉलेट नीट मिटत नाही, वरून आवळल्यासारखं वाटतं पण पकड अर्धवट असते. आणि उंची कमी पडतेय म्हणून बिट फार बाहेर काढून लावू नका, हा मोह टेबलवर फार होतो, कॉलेटच्या लांबीचा निदान पाऊण भाग तरी दांडीने भरलेला पाहिजे. एवढं करूनही रेघ हलली तर कॉलेट झिजलंय, बदला. ते झिजणारा पार्टच आहे, नवीन घालायला संकोच करू नका.

दुसरा चोर मोटरचं लॉक. माझा तो ट्रिमर ५३० वॅटचा, एकाच स्पीडचा, मोटर बेसमध्ये सरकवून एका स्क्रूने आवळायची साधी पद्धत. सनमायका ट्रिम करायला ते मशीन उत्तम, त्यासाठीच ते बनवलंय, मिस्त्री लोक त्यावर वर्षानुवर्षं काम करतात. पण त्या कामात मशीन सरळ असतं आणि बिट जेमतेम पाच-सात एमएम बाहेर. मी त्याला उलटं टांगून तासन् तास चालवत होतो. बेसच्या आत भुश्याची बारीक पावडर जाऊन गुळगुळीत थर बसला होता, त्यावरून मोटर लोण्यासारखी घसरत होती. बेस आणि मोटरची बॉडी कोरड्या फडक्याने पुसली, आवळायचा स्क्रू साफ केला, बराच फरक पडला. पण एक-दीड तास काम झालं की मोटर गरम होते, बेस थोडा सैल होतो आणि परत अर्धा एमएम जातंच. तात्पुरता उपाय म्हणून मोटरच्या बुडाखाली आधार दिला, एका आडव्या फळीत नट ठोकून त्यात मोठा बोल्ट, बोल्टचं टोक मोटरच्या मागच्या टोपीला टेकलेलं. बोल्ट फिरवला की मोटर वर जाते आणि खाली उतरायला जागाच राहत नाही. काही जण याच कामाला गाडीचा छोटा कात्री जॅक लावतात, मोठ्या राऊटरला ते चांगलं चालतं. फक्त मोटरची हवा घ्यायची भोकं झाकली जाणार नाहीत एवढं बघा, बऱ्याच मशीनला ती मागच्या टोकालाच असतात, म्हणजे उलटं लावल्यावर ती सगळ्यात खाली येतात.

प्लेटचं थोडक्यात. ॲक्रिलिक घेऊ नका, दिसायला सुंदर पण ट्रिमरच्या वजनाने नाही तर मोठ्या राऊटरच्या वजनाने महिन्याभरात पोट काढते. ६ एमएमची ॲल्युमिनियम शीट किंवा बेकेलाईटची, म्हणजे ज्याला बाजारात हायलम म्हणतात ती शीट. टेबलचा टॉप १८ एमएम प्लायचा असेल तर सनमायका वर खाली दोन्ही बाजूंना चिकटवा, एकाच बाजूला लावला तर पावसाळ्यात प्लाय नक्की वाकतो. आणि राऊटर थेट प्लायच्या खाली स्क्रूने लावू नका, १८ एमएम उंची फुकट जाते आणि मग बिट बाहेर काढून लावायचा मोह सुरू होतो, ज्याचं वर सांगितलंच.

आता मुख्य गोष्ट, हे सगळं दुरुस्त करूनही मशीनच टेबलसाठी योग्य नाही असं दिसलं तर काय घ्यायचं. दुकानात गेलं की सगळे पहिला प्रश्न वॅटचा करतात. मला आता वाटतं तो चौथा प्रश्न असायला पाहिजे. पहिला प्रश्न, उलटं टांगल्यावर मोटरला काय धरून ठेवतं. दुसरा, कॉलेट कुठल्या मापाचं. तिसरा, स्पीड कमी करता येतो का. मग वॅट.

धरून ठेवण्याचं बघायचं तर राऊटर तीन तऱ्हेचे. ट्रिमर, फिक्स बेसचा आणि प्लंज. आपल्या बाजारात फिक्स बेसचे कमी दिसतात, ट्रिमर आणि प्लंज जास्त. खरं म्हणजे टेबलसाठी फिक्स बेस सगळ्यात सोपा, कारण मोटर एका नळीत घट्ट आवळली जाते, स्प्रिंगची भानगड नाही. बॉशचा जीएमएफ १६०० सीई हा दोन बेस घेऊन येतो, एक फिक्स आणि एक प्लंज, म्हणजे फिक्स बेस टेबलखाली कायमचा लावून ठेवायचा आणि बाहेर काम असलं की तीच मोटर काढून प्लंज बेसमध्ये घालायची, ही कल्पना मला फार आवडते. मिळाला तर जरूर विचार करा.

प्लंज राऊटर टेबलखाली लावताना त्याची स्प्रिंग आड येते. ती स्प्रिंग मोटरला बेसपासून लांब ढकलायला असते, सरळ धरलं की मोटर वर उचलली जाते. उलटं टांगलं की तीच स्प्रिंग मोटरला खाली ढकलते, म्हणजे सहा किलोच्या आसपासचं वजन आणि वर स्प्रिंगचा जोर, दोन्ही एकाच दिशेने, तुम्हाला उंची वाढवायची असेल तर दोघांच्या विरुद्ध. हाताने वर रेटून एका हाताने लॉक मारायचं, अर्ध्या एमएमची सेटिंग अशी कधीच जमत नाही. त्यामुळे घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा, उंची बारीक फिरवायला नॉब किंवा स्क्रू आहे का आणि स्प्रिंग काढता येते का. ट्रायटनचा टीआरए००१ या बाबतीत मुद्दाम टेबलसाठी विचार करून बनवलाय, त्याला टेबलच्या वरून हँडल घालून उंची फिरवता येते, स्प्रिंग टोपी उघडून काढता येते आणि मोटर पूर्ण वर आणली की स्पिंडल, म्हणजे कॉलेट फिरवणारा दांडा, आपोआप लॉक होतं, म्हणजे बिट बदलायला एकच पान्हा आणि तोही वरून. २४०० वॅट, ८,००० ते २१,००० स्पीड, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. बाकी कुठला घेतला तर तुमच्या मशीनची स्प्रिंग काढायच्या आधी मॅन्युअल वाचा, ती दाबून बसवलेली असते, तोंड समोर ठेवून टोपी उघडू नका, आणि काढलेली स्प्रिंग डबीत नाव लिहून ठेवा कारण परत हातात वापरायचा झाला की ती लागणारच.

ट्रिमर टेबलखाली अजिबात चालत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. छोटं टेबल, ड्रॉवरच्या खाचा, कडेला छोटा गोला, फोटो फ्रेम, देव्हाऱ्याची नक्षीची पट्टी, एवढंच काम असेल तर ७०० वॅटचा आणि स्पीड बदलणारा ट्रिमर पुरतो. मकिताचा आरटी०७००सी ७१० वॅटचा आहे, स्पीड १०,००० ते ३०,०००, आणि उंचीला दातेरी पट्टीची फिरकी आहे त्यामुळे उंची हाताने ढकलावी लागत नाही, फिरवता येते. त्याच कंपनीचा ३७०९ हा ५३० वॅटचा एकाच ३०,००० स्पीडचा, बॉशचा जीकेएफ ५५० हा ३३,००० चा. हे दोन्ही हातात धरायला छान, टेबलखाली मी लावणार नाही. कारण नुसतं लॉक नाही, कारण स्पीड.

बिटचा व्यास वाढला की त्याच्या कडेचा वेग वाढतो हे गणित सगळ्यांना शाळेत असतं पण टेबलपाशी आठवत नाही. २५ एमएमचं बिट ३०,००० स्पीडला फिरलं तर त्याची कड सेकंदाला ३९ मीटर जाते, तासाला १४० किलोमीटर. तेच ५० एमएमचं बिट त्याच स्पीडला लावलं तर २८० च्या वर. कपाटाच्या दाराचे पॅनल काढायला जे ८० एमएमचं मोठं बिट असतं ते २२,००० ला चालवलं तर तासाला ३३० किलोमीटर होतात, आणि १२,००० ला आणलं तर १८०. म्हणून जो अंदाज मी पाळतो तो असा, एक इंचापर्यंतच्या बिटाला २४,००० पर्यंत ठीक, एक ते दोन इंचाला १८,०००, अडीच इंचापर्यंत १६,००० आणि त्याच्या वरच्याला १२,००० च्या पुढे नाही. बिटच्या पाकिटावर किंवा दांडीवर जास्तीत जास्त स्पीड छापलेला असेल तर तो आधी. मकिता एम३६०० सारखे १६५० वॅटचे मशीन आहेत, ताकद भरपूर, पण स्पीड एकच २२,०००. सरळ बिट आणि छोट्या गोल्याला उत्तम, पण दाराचे पॅनल करायचे मनात असेल तर तो स्पीड खाली येतच नाही. बॉश जीओएफ १६०० सीई १०,००० ते २५,०००, मकिता आरपी२३०१एफसी २१०० वॅटचा ९,००० ते २२,०००, हे त्या कामाला लागू पडतात.

काही जण एकाच स्पीडच्या मशीनला बाहेरून रेग्युलेटर लावतात. पंख्याचा रेग्युलेटर तर लावूच नका, तो पंख्यापुरता असतो, राऊटरचा लोड आला की जळतो. मोठे वेगळे स्पीड कंट्रोलर मिळतात आणि साध्या कार्बनच्या मोटरवर ते चालतात पण लाकूड लागलं की स्पीड पडतो कारण त्यांना लोड कळत नाही. ज्या मशीनमध्ये आधीच स्पीडचं सर्किट किंवा सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे मोटर हळूहळू वेग घेईल अशी सोय, आहे त्याच्यावर तर बाहेरचा कंट्रोलर कधीच लावायचा नाही, आतलं सर्किट जातं. सॉफ्ट स्टार्ट असेल तर जास्त पैसे गेले तरी घ्या असं मी म्हणेन. दोन हजार वॅटची मोटर एकदम चालू होताना जो झटका देते तो उलटा टांगलेल्या मशीनला, लॉकला, प्लेटच्या स्क्रूला, सगळ्यांना रोज बसतो.

वॅटचं. टेबलवर रोज मोठं काम नसेल तर १४००-१६०० वॅटमध्ये माझ्या मते सगळं होतं. एकदम १२ एमएम खोल जायचं नाहीच, चार चार एमएमच्या तीन फेऱ्या घ्यायच्या, मग ताकद कमी लागते, लाकूड करपत नाही आणि बिट सरकायला पण कारण मिळत नाही. सागवानात सिलिका असते, बिटची धार लवकर जाते, आणि धार गेलेलं बिट जास्त जोर मागतं. खोबण काळी पडायला लागली तर आधी धार बघा आणि हात कुठे थांबतोय ते बघा, वॅट नंतर. अमेरिकन राऊटरवर सव्वातीन हॉर्सपॉवर लिहिलेलं बघून भुलू नका. तिथल्या घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून १२० व्होल्टला १,८०० वॅट येतात आणि एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, भागाकार करून बघा, अडीचच्या आतच येतो. आणि तिकडून कोणी नातेवाईक आणणार असेल तर लक्षात ठेवा मशीन १२० व्होल्टचं आहे, इथे २३० ला सरळ लावलं की संपलं, दोन-तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल आणि ते धूड टेबलखाली ठेवावं लागेल. ५० आणि ६० हर्ट्झने कार्बनच्या मोटरला काही होत नाही, व्होल्टने होतं.

वीज पण राऊटर निवडतानाच बघायची. १६०० वॅट म्हणजे साधारण ७ अँपिअर, २१०० वॅट म्हणजे ९ च्या वर. आपल्या खोल्यांमधला साधा पॉईंट ६ अँपिअरचा, ज्याला अजून सगळे पाचचा पॉईंट म्हणतात, तो याला पुरत नाही, प्लग गरम होतो, व्होल्टेज पडतं, मोटर कण्हते आणि आपण समजतो राऊटर कमजोर आहे. फ्रीज गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉईंट घ्या आणि बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावू नका.

आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. टेबलखालच्या राऊटरचा स्विच आपण चालू करून लॉक करतो आणि लाईट गेली की विसरतो. माझ्याकडे एकदा लाईट गेली, मी बिट बदलायला नट सैल केला, पान्हा अजून नटावरच होता आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. तेवढ्यात लाईट आली. पान्हा उडून भिंतीवर आदळला, अर्धा मिनिट आधी तिथे माझा हात होता. त्या दिवशीच एनव्हीआर स्विच लावला, हिरवं लाल बटणवाला, लाईट गेली की तो पडतो आणि परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. ज्यांच्या शेतात मोटर आहे त्यांना स्टार्टर माहितीच आहे, तत्त्व तेच, फक्त त्याला ऑटो लावतात तसं इथे अजिबात करायचं नाही. म्हणून राऊटर घेताना असा घ्या ज्याचा स्विच चालू स्थितीत राहतो, दाबून धरावा लागणारा नको, म्हणजे बाहेरच्या एनव्हीआरवरून चालवता येईल. दाबून धरायच्या स्विचला पट्टी बांधून ठेवणं हा उपाय नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी शेवटी १६०० वॅटच्या आसपासचा, स्पीड बदलणारा, अर्धा इंची आणि पाव इंची दोन्ही कॉलेटवाला राऊटर घेतला आणि तो ट्रिमर परत सनमायकाच्या कामाला सोडला. जाड दांडी थरथरत कमी, त्यामुळे जे बिट दोन्हीत मिळतं ते मी आता अर्ध्या इंचीतच घेतो. कॉलेट घेताना दुकानातच दांडी घालून बघितली, मुंबईच्या नागदेवीत किंवा पुण्याच्या बोहरी आळीत दुकानदार बघू देतात, घाई करू नका. बारीक बिट अर्ध्या इंची कॉलेटमध्ये घालायला मधली नळी मिळते ती तात्पुरती ठीक, पण एक पृष्ठभाग जास्त म्हणजे सरकायची एक जागा जास्त, त्यापेक्षा त्या मापाचं स्वतंत्र कॉलेट बरं. नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी मार्कर आणि पेन्सिलची तीच परीक्षा घेतली, बारा तुकडे चालवले, दोन्ही रेघा जागेवर. देव्हाऱ्याच्या बाद झालेल्या दोन पट्ट्या नवीन काढल्या आणि आठही पट्ट्यांना खोली ८ आली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

प्लेट बनवताना एक गोष्ट मी दुसऱ्यांदा केली ती तुम्ही पहिल्यांदाच करा. राऊटरचा मूळचा काळा प्लास्टिकचा तळ काढून तोच साचा म्हणून प्लेटवर दुहेरी टेपने चिकटवा आणि भोकं मारायच्या आधी राऊटर खाली धरून बघा की लॉकचा खटका आणि उंचीची फिरकी टेबलच्या पुढच्या बाजूला येतेय ना. माझी पहिली प्लेट नीट बसली होती पण लॉक मागच्या पायाकडे गेलं होतं, हात घालून आवळताना जोर लावताच येत नव्हता, आणि ते पूर्ण न आवळलेलं लॉक हेही उंची जाण्याचं एक कारण होतं. मूळचे स्क्रू ६ एमएमच्या प्लेटला आखूड पडतात, त्यातला एक बरोबर नेऊन त्याच आट्यांचे, चपट्या डोक्याचे, प्लेटच्या जाडीपुरतेच जास्त लांब स्क्रू आणा, फार लांब घेतले तर बेसच्या आत टेकतात आणि वरून आवळल्यासारखे वाटून प्लेट सैलच राहते.